पायाखालचा ढग

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ओळ वर चढत जाते, आणि पहिली वेलांटी कुठे द्यायची, दुसरी कुठे, हे मला कधीच कळलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीसाठी हायवे ओलांडून जावं लागायचं आणि आई म्हणाली, ट्रकांच्या मधून पोरीला रोज कोण सोडणार. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की माझा घसाच बंद व्हायचा. तेव्हा शब्द चुकले तर चुकले. हे बाहेरच्या कोणाला दाखवायचं नाहीच. गेल्या महिन्यात शेजारच्यांच्या लग्नात हॉलमध्ये नवरीच्या पायाखाली पांढरा धूर सोडला आणि मी जेवणाचं ताट खुर्चीवर ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले. माझी मुलगी मागून आली. "आई, तुला काय होतं गं?" म्हणाली. मला तोंडाने सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

आमचं घर तलासरीला भाताच्या गिरणीला लागून होतं. बाबा गिरणीत कामाला. सकाळी पट्टा चढला की भिंतीवरची भांडी थरथरायची, आणि दुपारी गिरणी थांबली की कानात एकदम पोकळी पडायची, मग हायवेवरचे ट्रक ऐकू यायचे. आमच्या खाण्यात, अंथरुणात, केसांत, सगळीकडे कोंडा. आई नाचणीची भाकरी थापायची ती पदराने झाकून. तव्यावर सुकट भाजायला घेतली की बाबांना गिरणीत वास पोचायचा आणि ते दारातून ओरडायचे, "मला ठेवा रे, डोकी तरी ठेवा!" मोठ्याने बोलणारे, मोठ्याने हसणारे माणूस. मी त्यांची मुलगी कशी, असं लोक म्हणायचे. एका गोष्टीत मात्र ते फार कडक होते. कोणी भात कांडायला आणला की गोणी उलटी करून ते पाठीवर थापटी मारायचे, आत एकही दाणा राहू नये म्हणून. "दुसऱ्याचा दाणा आपल्याकडे राहिला की तो पोटात कुजतो," असं काहीतरी म्हणायचे. आम्ही हसायचो.

माझा मोठा भाऊ हरेश. दादा वापीला एका लाइटवाल्याकडे मदतनीस होता. तो धंदा बंद झाला तेव्हा मालकाने पगाराच्या बदल्यात त्याला एक जुनी लेझर मशीन दिली. टिफिनच्या मोठ्या डब्याएवढी, वजनाला दगड. घरी आणून त्याने खिडकीला गोधडी लावली, वायर जोडली, आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. समोरच्या कुडाच्या भिंतीवर एक हिरवा ठिपका आला. बस. तेवढंच.

बाबा म्हणाले, "दोन महिन्यांचा पगार सोडलास तो ह्या टिकलीसाठी?"

दादाचं तोंड पडलं. "बाबा, तिकडे हॉलमध्ये असे लांब दांडे दिसायचे. हिरवे. हाताने धरावेसे वाटायचे."

"मग इथे का नाय दिसत?"

दादाने वायर हलवून पाहिली. बाबा थोडा वेळ विचार करत बसले, मग मशीन काखोटीला मारून उठले. "चल गिरणीत." गिरणीच्या पत्र्याला भोकं होती आणि दुपारी त्यातून उन्हाच्या काठ्या खाली उतरलेल्या दिसायच्या, हे आम्ही जन्मापासून पाहत होतो. कोंडा उडत असला की काठ्या दिसायच्या, कोंडा बसला की जायच्या. बाबांनी दार लावून घेतलं, झाडूने चार हात मारले आणि म्हणाले, "आता लाव." दादाने लावली. भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवा दांडा उभा राहिला, आणि त्यात कोंड्याचे कण पोहत होते. मी हात घातला तर हाताच्या पलीकडचा दांडा तुटला. मला वाटतं माझ्या सगळ्या तरुणपणात तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही.

पण लग्नाच्या हॉलमध्ये कोंडा कसा उडवणार? पहिल्यांदा आम्ही नारळाच्या सोडणांचा धूर केला. लोक डोळे चोळत बाहेर पळाले आणि आचारी भांडायला आला. मग दादाने धुराची मशीन मिळवली. त्यात गोडसर वासाचं पाणी भरायचं, ते आत तापायचं आणि फुस्स करून पांढरा लोट बाहेर पडायचा. ते पाणी महाग, म्हणून दादाने औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणून घरीच मिसळलं. अंदाज चुकला. मशीनमधून जळक्या तेलासारखा वास आला आणि फरशी अशी निसरडी झाली की नवऱ्याचा मामा अक्षतांच्या ताटासकट बसला. त्यानंतर दादा वापीहून तयार पाण्याचे कॅन आणायला लागला.

मशीनवर मला बसवलं. कारण सोपं होतं. पडद्यामागे बसायचं, कोणाशी बोलायचं नाही, बटण दाबायचं. हॉलमधली माणसं मला दिसायची, मी कोणाला दिसायचे नाही. मला दुसरं काम कोणतं जमलं असतं? सुरुवातीला मी चूक करायचे, बटण धरून ठेवायचे. धुराचा गोळाच्या गोळा पुढे जायचा आणि लेझर त्यात शिरून हरवायची. लोकांना नुसतं हिरवं ढेकूळ दिसायचं. आई एकदा बघायला आली होती, तिने मला घरी येऊन सांगितलं. "तुझा धूर पिठल्यासारखा होतो गं. पेजेवरचं निवळ असतं ना, तसा पाहिजे." तेव्हापासून मला कळलं. थोडं दाबायचं आणि थांबायचं. वरात यायच्या खूप आधीपासून सुरू करायचं, म्हणजे धूर फिरून फिरून सगळ्या हॉलमध्ये सारखा पसरतो आणि धूर म्हणून दिसतच नाही, फक्त दिव्यांच्या भोवती थोडं मऊ वाटतं. लोकांना कळू नये की हवेत काही आहे. मग दादा लेझर लावायचा, आणि डोक्यांच्या वरून, छताखालून, हिरवे दांडे असे स्वच्छ निघायचे की बायका आपोआप वर हात करायच्या. लेझर खाली कोणाच्या डोळ्यावर येऊ नये, त्यासाठी दादा ती दोन पिंपांवर फळी टाकून उंच ठेवायचा. त्यात तो कधी चुकला नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे.

आमचा शत्रू म्हणजे पंखा. लग्नं चैत्र-वैशाखात, हॉलचं छत पत्र्याचं, आणि पंखा लावला की केलेला सगळा धूर फाटून चिंध्या. म्हणून बटणांच्या पाटीखाली स्टूल टाकून बाबा बसायचे. गिरणीतून सुट्टी घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून. कोणी म्हातारा उपरण्याने वारा घेत यायचा, "अरे पंखा लाव की, जीव चाललाय."

"लाइट नाय काका."

"मग हे बल्ब?"

"बल्बची लाइट वेगळी. पंख्याची गेली."

हॉलचे मालक जयंतीशेठ गुजराती होते. ते जेवणाच्या पंगतीतून हाक मारायचे, "ओ गिरणीवाला, पंखा चालू कर ने! माणसं शिजून जशे!" बाबा हात जोडून म्हणायचे, "शेठ, पाचच मिनिटं. शिजलेली वाढून घ्या." सगळे हसायचे आणि तेवढ्यात दादाचं काम होऊन जायचं. आम्ही शेवटच्या पंगतीला जेवायचो. गार वरणभात, वांगं-बटाटा आणि उरलेली बुंदी. बाबा माझ्या पानात त्यांची बुंदी टाकायचे आणि आईसाठी पुडी बांधून घ्यायचे.

आता हे काम पोरं मोबाइलवरून करतात. मोठमोठे पडदे आले, कागदाची फुलं उडवणाऱ्या बंदुका आल्या. पण धूर कसा सोडायचा ते त्यांना अजून येत नाही. ढीगभर सोडतात आणि मग पंखे लावतात. मी काही बोलत नाही.

मग एका साली गंजाड गावचं लग्न आलं. मुलीचे वडील लक्ष्मणकाका, भात-नाचणीची शेती असलेले साधे गृहस्थ. त्यांच्याकडे लग्न दारातल्या मांडवात व्हायचं, पण मुलगा वापीच्या कंपनीत होता आणि त्याच्या माणसांना हायवेजवळचा हॉल पाहिजे होता. लक्ष्मणकाकांचा धाकटा भाऊ तिकडेच नोकरीला. त्याने कुठेतरी पाहिलं होतं की नवरी ढगावरून चालत येते आणि वर लेझर चालू असते. "आमच्या मनीषाला तसंच पाहिजे," म्हणाला. अर्धे पैसे त्याने तिथल्या तिथे काढून दादाच्या हातात दिले.

दादाने हो म्हटलं आणि मग बसला विचार करत. आमच्या मशीनचा धूर गरम. तो वर जातो. पायाशी ढग करायला जाड सोडला तर तोच वर चढणार आणि लेझरचं पिठलं करणार. खाली जाड, वर विरळ, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत, असं पाहिजे होतं. वापीच्या त्याच्या ओळखीच्याने मार्ग सांगितला. कोरडा बर्फ. दादा एक तुकडा कागदात गुंडाळून घेऊन आला. आईने तांब्यात गरम पाणी दिलं. तुकडा टाकला आणि तांब्याच्या काठावरून पांढरा ढग ओतू लागला. वर नाही, खाली. सारवलेल्या जमिनीवरून सरपटत तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथून पायरीवर उतरला. कोंबड्या ओरडत पळाल्या. आईने त्यात पाऊल घातलं. "गार आहे गं," म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली. बाबा म्हणाले, "हा धूर चांगल्या घरचा दिसतो. आल्या आल्या खाली बसतो."

त्या ओळखीच्याने दादाला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. हात लावू नका, भाजल्यासारखं होईल. ती आम्ही सगळ्यांनी पाठ केली. आईने जाड फडकी शिवून दिली. बाकी आम्हाला जे माहीत होतं ते साध्या बर्फाचं. बर्फ म्हणजे गोणपाटात गुंडाळायचा, वर गोधड्या टाकायच्या, वारा लागू द्यायचा नाही, नाहीतर वितळतो. विवळवेढ्याच्या जत्रेत गोळेवाले तसंच करतात. आईने घरातल्या गोधड्या दिल्या, माझी आणि तिची धरून. आम्हा कोणाच्या मनातही आलं नाही की ह्यात काही वेगळं असेल.

लग्न संध्याकाळचं होतं. दुपारी दादा आणि बाबा भाड्याचा टेम्पो घेऊन वापीला गेले. मी आणि आई हॉलवर. आचाऱ्याच्या भट्टीवर आम्ही दोन मोठ्या पिंपांत पाणी चढवलं, कारण ढग करायला पाणी कढत पाहिजे. मी मशीन लावून हळूहळू धूर सोडायला सुरुवात केली. दारं बंद, पडदे ओढलेले. त्या दिवशी धूर फार छान बसला होता. अगदी निवळासारखा. मला वाटलं, बाबा आले की म्हणतील, आज लेकीने कमाल केली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दादाने एकदाच सांगितलं, तेवढं लिहिते. बर्फाच्या पेट्या टेम्पोत चढवल्या. टेम्पो मागून बंद, लोखंडी पत्र्याचा, मागे दार. पुढे ड्रायव्हर आणि दादा, तिसऱ्याला जागा होती पण अडचणीची, आणि ऊन काचेतून सरळ मांडीवर येत होतं. बाबा म्हणाले, "तुम्ही बसा रे भाजत. मी मागे बसतो थंडाव्याला. शेठ लोक एसीत बसतात, आज गिरणीवाला बसेल." पेट्यांवर हात टाकून, गोधडीवर बैठक मारून ते खाली बसले. दार लावताना दादाला म्हणाले, "नीट लाव. गारवा जायला नको."

अच्छाडला नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. नेहमी लागते तशी. टेम्पो थोडा सरकायचा, थांबायचा. दादाने मधल्या पत्र्यावर हात मारून विचारलं, "बाबा, चहा घेणार?" उत्तर आलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, झोपले असतील, गारव्यात झोप चांगली लागते. दादा पण हसला. मग रांग सुटली, पुन्हा अडकली. दादाने पुन्हा हात मारला. मोठ्याने हाकही मारली. त्याने उडी मारून मागचं दार उघडलं. बाबा पेटीला टेकून तसेच बसलेले होते, मान छातीवर. गोधड्या कोरड्या होत्या. कुठे पाण्याचा थेंब नव्हता. दादाने त्यांना ओढून बाहेर रस्त्यावर घेतलं, ढाब्यावरची माणसं धावली, कोणी पाणी मारलं, कोणी छाती दाबली. ढाब्याच्या मालकाने हॉलवर फोन लावून दिला.

हॉलमध्ये जयंतीशेठ पडदा बाजूला करून माझ्याकडे आले. ते कधी पडद्यामागे यायचे नाहीत. "बेटा, आई कुठे?"

मी बोट दाखवलं. आई भट्टीपाशी लाकूड सारत होती. शेठ तिकडे गेले आणि म्हणाले, "बेन, जरा बाहेर या ने." एवढंच. आई हातातलं लाकूड घेऊनच बाहेर गेली. मला आवाज ऐकू आला नाही. थोड्या वेळाने कोणीतरी सगळे पंखे लावले. मी वर पाहिलं. माझा धूर पात्यांभोवती गोल फिरला, फाटला आणि गेला. बटणांच्या पाटीखालचं स्टूल रिकामं होतं. भट्टीवर पिंपं उकळत होती, ती आचाऱ्याने खाली उतरवली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईला बसवून समजावलं. तरुण होते, चांगले होते. म्हणाले, हा बर्फ वितळून पाणी होत नाही, सरळ हवा होतो. ती हवा जड असते, खाली बसते. बंद जागेत ती भरत जाते आणि माणसाला श्वासाला जागा उरत नाही. गुदमरल्याचं फार कळतही नाही, झोप आल्यासारखं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "मी गोधड्या दिल्या नसत्या तर?"

डॉक्टर म्हणाले, "गोधड्यांनी काही झालं नाही, मावशी. दार बंद होतं."

ते खरं बोलले की तिच्यासाठी बोलले, मला माहीत नाही. पण दार दादाने लावलं होतं, आणि दादा तिथेच भिंतीला टेकून उभा होता. त्या दिवसापासून आजपर्यंत माझा भाऊ बंद दाराआड झोपलेला नाही. पावसातही पडवीत झोपतो. त्याचं लग्न झालं, ते मोडलं, त्यालाही हेच कारण. कोण बाई आयुष्यभर दार उघडं टाकून झोपेल?

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मणकाका आले. चपला बाहेर काढून आत येऊन बसले. आईने चहा ठेवला. मनीषाचं लग्न त्याच संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात लागलं होतं, हे आम्हाला कळलं होतं.

"शेतातले राब भाजून झाले का गंजाडला?" आईने विचारलं.

"झाले."

"पोरगी बरी आहे?"

"बरी आहे." त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी जमिनीवर ठेवली आणि बसून राहिले. गिरणीचा आवाज येत होता. ते का बसलेत हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांच्या तोंडून ते निघत नव्हतं. त्यांची मान खाली जात जात छातीला लागली. मला ते बघवेना.

शेवटी आईच म्हणाली, "भाऊ, तुमचे आगाऊ पैसे बर्फात आणि टेम्पोत गेले, पण आम्ही देऊ."

"वहिनी, माझे असते तर मी इकडची पायरी चढलो नसतो," ते घाईघाईने म्हणाले. "धाकट्याचे आहेत. त्याची बायको रोज बोलते. आणि तिकडे पोरीच्या सासरचे... जाऊ द्या."

दादा दारातून म्हणाला, "मी लेझर विकतो. आजच विकतो."

"गप बस," आई म्हणाली. "जुनी वस्तू. विकून पाव पैसे येतील, मग उरलेले कुठून आणशील? तू उद्यापासून गिरणीत जा, बाबांच्या जागी. त्यात आपण खाऊ." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "ही करेल धुराचं काम."

"मी?" मी म्हणाले.

"तू. तोंड उघडावं लागेल. तुझ्या बाबांकडे दुसऱ्याचा दाणा राहिला, असं कोणी म्हणायला नको. ते गेल्यावर तर नकोच."

लक्ष्मणकाकांनी डोळे पुसले. जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला, वयाने मोठे असून.

मग मी दारोदार गेले. डहाणूच्या, उंबरगावच्या डेकोरेशनवाल्यांकडे, आमच्या जयंतीशेठकडे. आई बरोबर यायची, पण बोलायची नाही, मला पुढे ढकलायची. पहिल्या माणसासमोर मी इतका वेळ उभी राहिले की त्याने खिशातून सुटे काढून माझ्या हातावर ठेवले. भिकारीण समजला. मी ते परत केले आणि रडत रडत सांगितलं की मला काम पाहिजे. एक म्हणाला, "तुमच्याच घरातला माणूस मेला ना धुरात? आमचं लग्न आहे बाई, श्राद्ध नाही." असंही ऐकलं. जयंतीशेठनी मात्र लगेच बोलावलं आणि बाबांच्या स्टुलावर स्वतः जाऊन बसले. पंखा लावायला कोणी आलं की म्हणायचे, "लाइट नथी." पण त्यांना हसवता यायचं नाही. लोक निमूट परत जायचे.

कोरड्या बर्फाला मी पुन्हा कधी हात लावला नाही. आणि बंद हॉलमध्ये बसणंही मला जमेना. दारं लावली की मी बटण सोडून उठायचे. दार उघडं ठेवलं तर धूर निघून जायचा आणि डेकोरेशनवाला ओरडायचा. एका हॉलमध्ये असंच झालं. मी मागचं दार बोटभर उघडलं आणि वारा आत आला. तो धूर घेऊन गेला नाही, माझ्या अंगावरून हॉलमध्ये शिरला. मी मशीन उचलली आणि त्या फटीजवळ नेऊन ठेवली, वारा येतो तिथे. थोडं दाबलं. वाऱ्याने तो धूर आपणहून आत नेला, विरळ करत करत, पार पुढच्या रांगेपर्यंत. आधी कधी बसला नव्हता इतका सारखा बसला. मग कुठेही गेले की मी पहिलं विचारायचे, मागचं दार कुठे आहे? उदबत्ती लावून वारा कुठून येतो बघायचे, आणि दोन दारं बोटभर उघडी ठेवायचे. आत येणाऱ्या वाऱ्याला मशीन, आणि समोरच्या कोपऱ्यात बाहेर जाणाऱ्याला वाट. दादाला मी हे सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे दार उघडं ठेवूनही झालं असतं." मी त्याला पुन्हा कधी धुराचं काही सांगितलं नाही.

लग्नाचा हंगाम संपला की मी गंजाडला जायचे. कधी थोडे पैसे घेऊन, कधी त्याहून थोडे. बसमधून उतरून चालत. लक्ष्मणकाका पैसे घ्यायचे, ओसरीवर बसवून भाकरी खायला लावायचे आणि परत बसपर्यंत सोडायला यायचे. आम्ही बाबांबद्दल कधी बोललो नाही. एका वर्षी कामं फार कमी मिळाली आणि मी रिकाम्या हाती गेले, फक्त सांगायला. ते म्हणाले, "सांगायला कशाला आलीस एवढ्या उन्हात?" पण आई म्हणाली होती, जाऊन सांगायचं.

शेवटचे पैसे जमायला पावसाळा गेला; ते घेऊन गेले तेव्हा भातं कापून झाली होती, खळ्यावर झोडणी चालू होती. मनीषा माहेरी आली होती. लग्नानंतर मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. कडेवर मूल, दुसरं पदराला धरून. मला वाटलं ती आत निघून जाईल. तिने पाणी आणून दिलं आणि समोर बसली.

"सासूबाई अजून बोलतात," ती म्हणाली. "काही मोडलं, कोणी आजारी पडलं, की म्हणतात हिच्या मांडवातच मयत झाली. मी ऐकून घेते."

मी पाणी प्यायले.

मग तिने आवाज खाली केला. "ताई, एक विचारू? मला कोणी सांगितलंच नाही. कसं दिसलं असतं गं ते?"

मी कोणाशी इतकं सलग कधी बोलले नव्हते. मी तिला सांगितलं. दारापासून स्टेजपर्यंत जमिनीवर पांढरा ढग आला असता, गुडघ्याच्या खाली. तुझी पावलं दिसली नसती. साडीचा काठ त्यात बुडाला असता आणि पाऊल टाकलं की ढग थोडा फाकून पुन्हा मिटला असता. थंड लागलं असतं पायाला. वर डोक्यावरून हिरवे दांडे निघाले असते, इकडून तिकडे, छपरासारखे, आणि तू त्यांच्या खालून आली असतीस. कोणी पंखा लावायला उठला असता तर आमच्या बाबांनी त्याला बसवलं असतं. बाबा म्हणताना माझा आवाज फुटला, पण मी सांगून संपवलं. मनीषा मान खाली घालून ऐकत होती. तिने मुलाचं नाक पदराने पुसलं, मग स्वतःचे डोळे.

लक्ष्मणकाका खळ्यावरून हात झाडत आले. मी पैसे दिले. त्यांनी ते तसेच कोपरीच्या खिशात घातले. "धाकट्याला आजच पोचवतो," म्हणाले. "वहिनींना सांग, सगळे आले. आता तुमच्याकडे आमचं काही नाही."

घरी पोचले तेव्हा आई अंगणात तांदूळ पाखडत होती. दादा गिरणीतून आलेला, पायरीवर बसलेला, केसांत कोंडा. मी त्यांना सांगितलं, गंजाडचे फिटले.

आईचं सूप थांबलं. "सगळे?"

"सगळे."